फुकटीची गाठ

“माणसं येतील, माणसं जातील. राज्यं बुडतील, शहरं ओस पडतील. पण शेवटी या पृथ्वीवर एकच गोष्ट उरणार आहे. गवत!”

पेंढीवाल्यानं हे गोठ्याच्या दारात उभं राहून, हातातला विळा आभाळाकडे रोखून जाहीर केलं.

“उरेल तेव्हा उरेल,” आतून बायको म्हणाली. “आत्ता गव्हाणीत काडी नाही. गाय मघापासून माझी बाही चघळतेय.”

न्हाव्याचे केस वाढलेले असतात आणि पेंढीवाल्याची गाय उपाशी असते. चांगलं गवत गिऱ्हाइकाला, उरलंसुरलं घरच्या गाईला आणि भाषण घरच्या माणसांना, अशी त्याची वाटणी होती. गाईला भाषण मिळत नाही म्हणून ती त्यातल्या त्यात सुखी होती.

ओढ्याकाठचं गवताचं शेत तो कसत असला तरी त्याचं नव्हतं, डेअरीवाल्याचं होतं. ओढ्याकाठची सगळीच शेतं डेअरीवाल्याची. लोक ती वाट्यानं करत. अर्धं मालकाच्या गोठ्यात, अर्धं आपलं. पेंढीवाला आपलं अर्धं कापायचा, वाळवायचा, पेंढ्या बांधायचा आणि घरोघरच्या गोठ्यांत पोचवायचा. कापणीच्या दिवसांत त्या घरात सरळ उभं असं कुणी दिसत नसे. दव असतानाच खाली वाकायचं, डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या हातानं विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची आणि पाऊल पुढे. दुपारपर्यंत बोटांच्या पेरांत गवताची कुसळं रुतून बसत आणि जेवताना मीठ लागलं की प्रत्येक कुसळ आपला पत्ता सांगे. पेंढीवाल्याचा म्हातारा बाप हे काम इतकी वर्षं करून बसला होता की आता तो सरळ व्हायचंच विसरला होता. तो गंजीच्या सावलीत बसून काम करणाऱ्यांच्या चुका काढायचा. ते काम वाकून करता येतं.

पेंढीवाल्याचा खरा अभिमान मात्र गवत नव्हता, गाठ होती. बाकीचे लोक पेंढ्या सुतळीनं बांधत. सुतळी आणावी लागते, पुरवावी लागते, आणि एखादी गाय ती गिळून बसली की गुराच्या डॉक्टरच्या पायाही पडावं लागतं. पेंढीवाल्यानं कधीकाळी एका बंगल्याच्या कुंपणावरून एक वेल मागून आणला होता आणि शेताच्या बांधावर ओळीनं लावला होता. चिवट, हिरवागार, बोटाएवढा. हातभर वाढला की कापा, पुन्हा दुप्पट येतो. त्याच्या ओल्या दांड्यानं तो पेंढी बांधायचा. दोन पीळ द्यायचे, एक उलटा वळसा, आणि शेपूट आत खोचून टाकायचं. पेंढी गाडीतून पडली तरी सुटायची नाही. या वेलाचं नाव त्यानं ‘फुकटी’ ठेवलं होतं. डेअरीवाल्यानंही एकदा त्या गाठीचं चारचौघांत कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकावर पेंढीवाला आजतागायत जगत होता.

त्या हंगामात दूध कडू झालं.

आधी एका घरचं, मग शेजारचं, मग सगळ्यांचंच. डेअरीवाला दर कॅनमधलं दूध बोटावर घेऊन चाटायचा, तोंड वाकडं करायचा आणि कॅन बाजूला सारायचा. आठवडाभरात त्याचं तोंड वाकडंच राहायला लागलं. शेवटी शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना बोलावलं. बाईंनी एक रंगीत चित्र आणलं. लांब पानांचा, पांढऱ्या फुलांचा वेल. बाहेरदेशातून आलेला, जिथे जाईल तिथे पसरणारा. गुरांनी खाल्ला की दूध कडू. बाई म्हणाल्या, “मुलांना घेऊन शेतं पाहते. कुठे किती आहे ते कळलं की कुठून पसरलं तेही कळेल.”

“हवंच आहे ते!” पेंढीवाला डेअरीच्या अंगणात गर्दीतून पुढे सरसावला. “कसून पाहणी करा! आणि ज्याच्याकडून हे पसरलं असेल त्याचं शेत मालकांनी काढून घ्यावं. कोण का असेना!”

‘कोण का असेना’ म्हणताना तो फौजीकडे पाहत होता.

फौजी त्याचा शेतशेजारी. फौजेत तो बटाटे सोलायला होता, पण परत आल्यावर त्यानं मिशा तोफखान्यातल्या ठेवल्या होत्या. त्याच्या शेतात आणि गोठ्याभोवती तो पांढऱ्या फुलांचा वेल नुसता माजला होता. पेंढीवाल्याच्या शेतात मात्र एक फूल दिसायचं नाही, दिसलं की तो उपटायचा आणि “फौजीची घाण!” म्हणत बांधापलीकडे भिरकावायचा. फौजीचं शेत सुटलं तर ते लागूनच आहे, आपल्याकडे येईल, हा हिशेब त्यानं मनात कधीच मांडून ठेवला होता.

“ठरलं तर,” डेअरीवाला म्हणाला. “ज्याच्याकडून आलं त्याचं शेत गेलं.”

“ठरलं,” पेंढीवाला म्हणाला.

“मी काय बोलणार?” फौजी मिशीवर हात फिरवत म्हणाला. “मला कुठे भाषण येतं.”

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत नववीचा वर्ग शेतावर हजर झाला. त्यात पेंढीवाल्याची मुलगीही होती. ती रोज या शेतात वाकत होती. आज वहीपेन्सिल घेऊन सरळ उभी राहिली होती, त्यामुळे बापाला ती एकदम उंच वाटली. मुलांजवळ लाकडी चौकटी होत्या. चौकट डोळे मिटून फेकायची, जिथे पडेल तिथे बसायचं आणि चौकटीच्या आत काय काय उगवलंय ते पाहायचं, अशी पद्धत.

“डोळे मिटून कशाला?” पेंढीवाल्यानं विचारलं. “मी दाखवतो ना कुठे चांगलं आहे ते.”

“म्हणूनच डोळे मिटून, काका,” चष्मेवाला मुलगा म्हणाला.

चौकटी फेकल्या गेल्या. एक म्हाताऱ्याच्या पाठीवर पडली. तो सावलीत ओणवा बसला होता.

“मोजा, मोजा,” म्हातारा म्हणाला. “काय उगवलंय सांगा तरी.”

शेत स्वच्छ निघालं. पेंढीवाला मुलांमागून असा फिरत होता की जणू गवत त्यानंच काडीकाडीनं विणलंय. बांधाशी आल्यावर चष्मेवाला थांबला.

“काका, हा वेल कुठला?”

“ही? ही आमची फुकटी!” झालं, पेंढीवाला बांधावरच मांडी ठोकून बसला. त्यानं एक दांडा कापला, गवताची मूठ घेतली आणि सावकाश, मुलांना दिसेल असा, बांधून दाखवला. “दोन पीळ. उलटा वळसा. शेपूट आत. ओढ बघू. ओढ जोरात! सुटते का?”

दोघातिघांनी ओढून पाहिलं. सुटली नाही.

“या मुलखात ही गाठ दुसऱ्या कुणाला मारता येत नाही,” पेंढीवाला म्हणाला. “माझ्या बापालाही नाही.”

“मला गरज पडली नाही,” सावलीतून म्हातारा म्हणाला. “माझ्या वेळी सुतळी होती.”

चष्मेवाल्यानं चित्र काढून वेलाशेजारी धरलं. चित्रातली पानं लांब, बांधावरची आखूड आणि जाड. चित्रात फुलं, इथे एकही नाही. त्यानं मुलीकडे पाहिलं.

“फुलं येतात का गं याला?”

“कधी पाहिली नाहीत,” मुलगी म्हणाली. ते खरंच होतं. फुकटी फुलायच्या आत कापली जायची. सतत दाढी करणाऱ्या माणसाची दाढी कुठल्या रंगाची आहे हे त्याच्या बायकोलाही माहीत नसतं. बाई तेव्हा शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, चिखलात रुतलेली एका मुलाची चप्पल काढत होत्या. चष्मेवाल्यानं ‘नाही’ असं टिपून घेतलं आणि सगळे फौजीकडे निघाले.

पेंढीवाल्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो सगळ्यांच्या पुढे होता.

फौजीच्या शेतात चौकट कुठेही पडो, आत पांढरी फुलं. पेंढीवाला जीभ टाळ्याला लावून चक्चक् करत होता. “अरेरे,” म्हणत होता. “शेजारी म्हणून वाईट वाटतं हो.” पण मुलीच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि ती बाईंना म्हणाली, “बाई, सगळीकडे सारखं नाहीये. शेतात गाडीवाटेनं आहे, आणि जसजसं गोठ्याकडे जावं तसं दाट होतंय.”

“चला, गोठा पाहू,” बाई म्हणाल्या.

गोठ्याच्या दाराशी, पाण्याच्या हौदाला लागून, नेहमी ओल असायची. तिथे वेलाचा नुसता गालिचा होता. फौजीची गाय त्यावर उभी राहून, जणू आपला काही संबंध नाही, अशी लांब बघत होती. फौजी खाटेवर बसून चहा पीत होता. त्यानं उठायची तसदी घेतली नाही.

“उपटा!” पेंढीवाला म्हणाला. “मुळासकट उपटा! उगम दिसू दे जगाला!”

चष्मेवाल्यानं दोन्ही हातांनी एक जाडसर वेल धरला आणि ओढला. माती उचलली गेली, फसकन आवाज झाला आणि तो मागे बसला. हातात मुळांचा झुबका आला. झुबक्याच्या मधोमध, कुजत आलेली पण घट्ट, एक गाठ होती.

दोन पीळ. उलटा वळसा. शेपूट आत.

गाठीच्या दोन्ही बाजूंना वेलाच्या पेरापेरांतून मुळं फुटली होती, आणि त्याच पेरांतून वर लांब पानं आणि पांढरी फुलं गेली होती. चष्मेवाल्यानं गाठ दोन बोटांनी ओढून पाहिली.

“सुटत नाही,” तो म्हणाला.

फौजीनं चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि जवळ येऊन वाकून बघितलं. “ही कारागिरी ओळखीची वाटते रे.”

“गाठ काय, कुणीही मारतं,” पेंढीवाला म्हणाला.

वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मुलीनं तेवढं पाहिलं नाही. ती हौदाच्या कडेनं बसून आणखी एक वेल उकरत होती. तिथेही गाठ निघाली. मग आणखी एक. फौजी रोज पेंढी सोडून दांडा हौदापाशी टाकायचा, सगळेच टाकायचे. त्या दिवशी मुलं आणखी चार घरी गेली. प्रत्येक ठिकाणी गोठ्याच्या दाराशी, हौदाच्या ओलीत, पेंढी सोडायच्या जागी तोच गालिचा आणि त्याखाली त्याच गाठी. पेंढीवाला पहिल्या घरापर्यंत बरोबर होता. नंतर कुणाच्या लक्षात न येता गळला.

मुलगी संध्याकाळी घरी आली तेव्हा बाप बांधावर होता. तो वाकून, दात ओठ खात, फुकटी तोडत होता. सपासप विळा चालत होता आणि तुकडे चहूकडे उडत होते. बांधावर, पाटात, कापलेल्या गवतात. सूर्य मावळतीला टेकला होता आणि अख्खी ओळ आडवी झाली होती.

“झालं!” तो धापा टाकत म्हणाला. “आता काय दाखवतील?”

म्हातारा काठी टेकत आला. त्यानं एक तुकडा उचलला, पेरावर नख लावलं आणि लेकाला दाखवलं.

“पेरापेराला मूळ फुटतं म्हणाल्या ना मास्तरीणबाई?”

“हो. मग?”

“मग काही नाही. एकाची शंभर केलीस.”

पेंढीवाला उभ्या जागी थिजला. मग त्यानं दोन्ही हातांनी तुकडे गोळा करायला सुरुवात केली. “ओढ्यात टाकतो सगळं.”

“टाका,” बायको गोठ्यातून ओरडली. “ओढा खाली जिथपर्यंत जातो तिथपर्यंतची सगळी गावं तुम्हाला ओळखायला लागतील. एवढीच राहिलीत तुमचं नाव न ऐकलेली.”

त्यानं तुकडे परत ठेवले. ठेवले म्हणजे कुठे ठेवायचे हेही त्याला कळेना. जिथे टाकावेत तिथे ते उगवणार होते. शेवटी तो ओंजळ भरून तसाच घरात आला आणि ओंजळ चुलीपाशी रिकामी केली.

सगळे जेवायला बसले. मुलीनं दोन घास खाल्ले आणि विचारलं, “बाबा, उद्या डेअरीवर मला सांगायचंय. आमच्या गटाचं मीच सांगणार आहे. काय सांगू?”

“सांग की वाऱ्यानं आलं.”

“वाऱ्यानं गाठ मारली?”

म्हाताऱ्याला ठसका लागला. बायकोनं त्याच्यापुढे पाणी सरकवलं आणि तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

“हसा,” पेंढीवाला म्हणाला. “शेत गेलं म्हणजे हसा. मग सगळे मिळून काय करणार आहात? हसून पेंढ्या बांधणार आहात?”

बायकोचे खांदे थांबले. तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. “शेत जाईल ते खोटं नाही,” ती म्हणाली. “पण गाठी आता पाच घरच्यांनी पाहिल्यात, आणि उरलेल्यांना फौजीनं सांगितलंय. पोरीनं नाही म्हटलं तर शेतही जाईल आणि पोरगीही खोटी पडेल. दोन गोष्टी कशाला घालवायच्या?”

मुलगी उठून हात धुवायला गेली. तिच्या बोटांच्या पेरांत कुसळं होती; पाणी लागलं तसा तिनं ओठ चावला.

सकाळी डेअरीच्या अंगणात लोक कॅन उलटे करून त्यांवर बसले होते. रिकाम्या कॅनचा तेवढाच उपयोग उरला होता. बाईंनी भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि मुलीला पुढे केलं. ती कागदाकडे न बघता बोलली.

“वेल सगळ्यात दाट हौदांपाशी आहे. पेंढ्या सोडून दांडे टाकतात तिथे. ते दांडे आमच्या शेताच्या बांधावरचे आहेत. तिथे फुलायच्या आत कापतो, म्हणून ओळखू आला नाही. आम्हालाही आणि पाहणीलाही.” मग तिनं बापाकडे पाहिलं. “गाठ माझ्या बाबांची आहे.”

चष्मेवाला म्हणाला, “आणि बांधावर मी ‘नाही’ लिहिलं होतं. ते चुकलं.”

डेअरीवाल्यानं पेंढीवाल्याकडे पाहिलं. त्याचं तोंड सवयीनं वाकडंच होतं, त्यामुळे तो रागावलाय की नाही हे कळेना.

“तूच म्हणाला होतास. कोण का असेना.”

“म्हणालो होतो.”

“कसून पाहणी करा म्हणालास.”

“म्हणालो होतो,” पेंढीवाला म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मागच्यांनी “काय म्हणाला?” असं विचारलं आणि पुढच्यांनी “म्हणालो होतो म्हणाला” असं कळवलं. मग बायको एका कॅनवरून उठली.

“मालक, एक विचारू? शेत काढून घ्या. पण हे सगळं उपटणार कोण?”

डेअरीवाल्यानं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, हातानंच उपटावं लागेल. पेरन् पेर. एक तुकडा राहिला तरी पुन्हा येईल. उपटलेलं उन्हात पत्र्यावर कडकडीत वाळवायचं आणि मग जाळायचं.

डेअरीवाल्यानं अंगणभर नजर फिरवली. ज्याच्यावर नजर गेली त्यानं आपल्या कमरेवर हात ठेवला. ज्यांच्या कमरेला आजवर काही झालं नव्हतं त्यांच्याही कमरेत एकदम कळ आली.

“बरं,” डेअरीवाला म्हणाला. “हंगाम संपेपर्यंत शेत तुझ्याकडे. गवताला हात लावायचा नाही. तू घराघरात जाऊन उपटायचंस. घरचा माणूस ‘झालं’ म्हणाला तरच झालं. एका घरानं जरी ‘नाही’ म्हटलं तर शेत...” त्यानं जरा इकडेतिकडे पाहिलं. “फौजीचं लागूनच आहे. त्याच्याकडे.”

“मला कुठे भाषण येतं,” फौजी म्हणाला.

तेव्हापासून पेंढीवाला खुरपं घेऊन घरोघर जाऊ लागला. ज्या दारांत तो गाडीवर उभा राहून “पेंढी आली!” अशी आरोळी द्यायचा, त्याच दारांत आता ओणवा होऊन गुरांच्या पायांमधून मुळं उकरायचा. हौदाकाठचा चिखल म्हणजे नुसता चिखल नसतो. गाई तिथे उभ्या राहून पाणी पितात आणि उभ्या राहून बाकीचंही उरकतात. त्याचे गुडघे सोलवटले, नखं काळी पडली, आणि एका गाईनं त्याच्या पाठीवर शेपटी मारायची अशी सवय लावून घेतली की तो दिसला की ती वळून उभी राहायची. लोक खाटेवर बसून देखरेख करत. “तो बघ, डावीकडे.” “डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे रे.” “जोर लाव, पेंढी बांधताना लावायचास तसा.” एकीनं शेजारणींना बोलावलं आणि त्या चहा पीत बघत बसल्या. एकानं तर मुलाला शाळेत न पाठवता समोर बसवलं आणि सांगितलं, “बघ. अभ्यास केला नाही की असं होतं.” त्याच्याच मुलाचा वर्ग ही पाहणी करून गेला होता.

घरात पेंढीवाला मुलीशी बोलत नव्हता. बोलायचं असलं की म्हाताऱ्याच्या मार्फत बोलायचा.

“मास्तरीणबाईंना सांगा, मीठ द्या.”

“मीठ दे म्हणतोय,” म्हातारा सांगायचा.

“त्यांना सांगा, आधीच घातलंय,” मुलगी म्हणायची.

“घातलंय म्हणे. आता मी जेवू का, की तुमचं टपाल वाहू?”

एक दिवस मुलगी शाळा सुटल्यावर तो काम करत होता त्या दारात आली. बाईंनी मुलांवर तपासणी सोपवली होती. ती त्यानं साफ केलेल्या जागेत उकिडवी बसली, बोटांनी माती चाळली आणि एक इवलंसं पेर उचलून धरलं.

“हे राहिलं.”

खाटेवरचे लोक खूश झाले. पेंढीवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं ते पेर तिच्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. खरोखर राहिलं होतं. तांदळाएवढं मूळही फुटलं होतं.

“कुठे होतं?”

“दगडाखाली. हौदाचा पाया आहे ना, तिथे दगड उचलून बघावं लागतं.”

त्यानं पुढचा दगड उचलला. खाली तीन निघाले. त्यानं आणखी एक उचलला. मुलगीही दुसऱ्या बाजूनं उचलू लागली. अंधारून येईपर्यंत दोघं हौदाभोवती ओणवी फिरत राहिली. मधे एकदा तो म्हणाला, “खुरपं उलटं धर, नाहीतर पेर तुटतं.” थेट. म्हाताऱ्याला न विचारता.

एकेक घर ‘झालं’ म्हणत गेलं. काहींनी लगेच म्हटलं, काहींनी दोन फेऱ्या मारायला लावल्या. शेवटी उरलं फौजीचं घर. पेंढीवाल्यानं ते मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, जसं माणूस दुखरा दात शेवटपर्यंत वापरत नाही. फौजीनं ‘नाही’ म्हटलं की शेत त्याचंच होणार होतं. जगात एवढ्या स्वस्तात शेत कुणाला मिळालं नव्हतं. नुसता एक शब्द.

तिथे त्यानं जीव ओतून काम केलं. दगड उचलले, हौदाची कड खरवडली, गाडीवाटेवरून रांगत शेतापर्यंत गेला आणि रांगत परत आला. ऊन डोक्यावर आलं, कललं. फौजी खाटेवर बसून एक शब्द न बोलता पाहत होता. तो टोमणा मारेल म्हणून पेंढीवाल्यानं दिवसभर पाठ ताठ करून ठेवली होती. टोमणा आलाच नाही, त्यामुळे पाठ जास्तच दुखली.

ऊन उतरलं तेव्हा फौजी उठला. सगळ्या अंगणातून सावकाश चालत गेला. हौदापाशी वाकला. एक दगड उचलला, पाहिला, ठेवला. दुसरा उचलला, पाहिला, ठेवला. पेंढीवाल्याची बायको आणि मुलगी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बायकोनं मुलीचा दंड इतका घट्ट धरला होता की मुलीनं हळूच बोटं सोडवली.

“झालं,” फौजी म्हणाला. “डेअरीवर सांगतो मी. साफ आहे.”

पेंढीवाल्याला आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. “आणि शेत?”

“तुझं शेत घेऊन मी काय करू? दिवसभर तुझ्यासारखा ओणवा राहू? माझं आहे तेवढंच मला कसायला जड झालंय.”

पेंढीवाला दोन्ही हात कमरेवर देऊन, टप्प्याटप्प्यानं, सरळ झाला. सगळा सरळ झाल्यावर त्यानं चिखलानं माखलेला हात फौजीच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा आभाळाकडे नेला.

“फौजी,” तो म्हणाला, “आज मला कळलं. जमीन ही मालकाची नसते, वाटेकऱ्याची नसते. माणूस माणसाला जिथे सांभाळून घेतो ना, तेवढीच जमीन खरी! बांध कोणी घातले? आपण घातले. आजपासून तुझ्या-माझ्यात बांध नाही. तू हाक मारायचीस आणि मी यायचं. रात्र असो, पाऊस असो. तू नुसता शब्द टाक, हा देह...”

बायकोनं डोळे पुसले. मुलगी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

फौजीनं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. मिशीवरून हात फिरवला.

“ते सगळं बरोबर आहे,” तो म्हणाला. “हात घाण झालेच आहेत, तर जाताना जरा न्हाणीची मोरी मोकळी करून जातोस? कालपासून तुंबलीय.”